हात वर केल्यावरच जाणवणारा त्रास: लवचिक कॉइलने दुसऱ्यांदा केलेल्या एमआरआयचे प्रकरण

मी रेडिओलॉजिस्ट आहे. या प्रकरणातला पहिला, अपुरा अहवाल माझ्याच सहीने गेला होता. कॉइल म्हणजे एमआरआय करताना अंगावर ठेवायची, शरीरातून येणारा सिग्नल टिपणारी अँटेना. रुग्णाच्या संमतीने हे लिहीत आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

रुग्ण चौतिशीतल्या, शाळेत गणित शिकवणाऱ्या शिक्षिका. उजव्या हाताने लिहितात. फळ्याच्या वरच्या भागावर लिहिताना अनामिका आणि करंगळीला मुंग्या यायच्या, हात जड व्हायचा. हात खाली आणून झटकला की दोन-चार मिनिटांत बरे वाटायचे. सुरुवातीला त्यांनी मनावर घेतले नाही. चार महिन्यांनी खडू बोटांतून निसटू लागला तेव्हा त्या डॉक्टरांकडे गेल्या.

मानेचा एमआरआय झाला. त्यात पाचव्या आणि सहाव्या मणक्यामधली गादी उजवीकडे किंचित सरकलेली दिसली. या वयात अशी गादी काहीही त्रास नसलेल्या माणसांतही दिसते. तरीही फिल्मवर काहीतरी सापडले की शोध तिथेच थांबतो, आणि इथेही तसेच झाले. त्या जागी दबणारे मज्जातंतूचे मूळ सहावे. त्याची तक्रार अंगठा आणि तर्जनीकडे जाते, करंगळीकडे नाही. हे कोणी बोलून दाखवले नाही. मानेला ताण देण्याचे उपचार सहा महिने चालले.

दहाव्या महिन्यात अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सपाट होऊ लागल्याचे त्यांच्या स्वतःच्याच लक्षात आले. नर्व्ह कंडक्शन चाचणी, म्हणजे मज्जातंतूंतून संदेश किती नीट जातो ते मोजणारी चाचणी झाली, कार्पल टनेलचा, म्हणजे मनगटात मीडियन मज्जातंतू दबण्याचा संशय लिहिला गेला, मनगटाला पट्टा आला आणि शस्त्रक्रियेची तारीखही जवळजवळ ठरली.

ती शस्त्रक्रिया टळली, कारण मेंदू-मज्जातंतूतज्ज्ञांनी त्या चाचणीचा कागद पुन्हा नीट वाचला. अंगठ्याच्या स्नायूंकडे जाणारा मीडियन मज्जातंतूचा संदेश क्षीण होता, पण त्याच मज्जातंतूची संवेदना पूर्ण ठीक होती. कार्पल टनेलमध्ये बहुधा आधी संवेदना बिघडते. उलट करंगळीची, म्हणजे अल्नर मज्जातंतूची संवेदना कमी भरली होती. अंगठ्याचा स्नायू वाळलेला आणि बधिरपणा करंगळीकडे, ही जोडी मनगटात बसत नाही. ती बसते ब्रेकियल प्लेक्ससच्या, म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याच्या खालच्या खोडात. मानेतले आठवे मूळ आणि छातीतले पहिले मूळ एकत्र येऊन हे खोड बनते आणि ते पहिल्या बरगडीवरून हाताकडे उतरते. मानेत मूळ दबले असते तर करंगळीची संवेदना चाचणीत सहसा शाबूत राहिली असती, कारण संवेदनेच्या पेशींची गाठ त्या जागेच्या पुढे, हाताच्या बाजूला असते.

या तज्ज्ञांनी थोरॅसिक आउटलेट सिंड्रोमची (मान आणि काखेमधल्या अरुंद जागेत मज्जातंतू किंवा रक्तवाहिन्या दबण्याची) शक्यता लिहून प्लेक्ससच्या एमआरआयसाठी रुग्णाला आमच्या विभागात पाठवले. तेव्हा चौदावा महिना चालू होता.

पहिली तपासणी आणि तिचा अहवाल

मानेतून निघालेले मज्जातंतू तीन अरुंद जागांतून हातात जातात. पहिली जागा मानेतल्या पुढच्या आणि मधल्या स्केलीन स्नायूंमधली फट. दुसरी कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्यातली. तिसरी छातीच्या छोट्या पेक्टोरल स्नायूमागची. हाताची मुख्य धमनी पहिल्या फटीतून मज्जातंतूंसोबतच जाते. शीर मात्र पुढच्या स्केलीन स्नायूच्या पुढून येते, त्यामुळे तिची खरी अडचण कॉलरबोनखाली होते. हात वर केला की दुसरी आणि तिसरी जागा आणखी आवळते.

आम्ही रुग्णाला नेहमीच्या पद्धतीने झोपवले: डोके-मानेची कडक कॉइल, छातीवर सपाट कॉइल, हात अंगालगत. मानेची कॉइल जिथे संपते आणि छातीची जिथे सुरू होते, नेमक्या त्याच पट्ट्यात खालचे खोड असते. खांद्याचा उतार, कॉलरबोनचा उंचवटा आणि मधला खळगा यांवर सपाट कॉइल टेकत नाही. ती त्या खळग्यावर पुलासारखी आडवी राहते आणि खाली हवा उरते.

या हवेने काय बिघडते ते जरा सविस्तर सांगते. शरीरातून येणारा सिग्नल अतिशय क्षीण असतो आणि कॉइल दूर गेली की तो झपाट्याने घटतो. मोठी कॉइल दूरचेही ऐकते, पण शरीराच्या मोठ्या भागाचा गोंगाटही सोबत आणते. लहान वेटोळ्याची कॉइल कमी गोंगाट ऐकते, मात्र जवळचेच. म्हणून अनेक लहान वेटोळी शेजारी मांडून सगळ्यांचा सिग्नल एकत्र करायची पद्धत १९९० साली मांडली गेली, आणि आज बहुतेक कॉइल त्याच तत्त्वावर चालतात. या मांडणीत शेजारची वेटोळी एकमेकांवर ठरावीक मापाने चढवावी लागतात, नाहीतर ती एकमेकांतच गुंततात. कॉइल वाकवली की हे माप चुकते आणि वेटोळ्याचा सूर, म्हणजे ते ज्या वारंवारतेला ऐकते ती वारंवारताही हलते. ३ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या ताकदीचे एकक) यंत्रात हा सूर सुमारे १२८ मेगाहर्ट्झवर जुळवलेला असतो. वर्षानुवर्षे कॉइल कडक कवचात बसवल्या गेल्या त्या यामुळे. यंत्राला सोयीचा आकार ठरला आणि माणसाने त्यात बसायचे.

सिग्नल कमी पडला तर जास्त वेळ घ्यावा, असे कोणीही म्हणेल. पण ते गणित फार कठोर आहे. २ मिलिमीटरच्या घनाऐवजी १ मिलिमीटरचा घन पाहायचा तर त्यात पाणी एक-अष्टमांश, म्हणून सिग्नलही एक-अष्टमांश. बाकी सगळे तसेच ठेवून तो फक्त वेळ वाढवून भरून काढायचा तर चौसष्टपट वेळ हवा. जिवंत माणूस तेवढा वेळ निश्चल राहू शकत नाही, आणि इथे तर शेजारी धमनी ठोके देत असते आणि फुप्फुसाचे टोक वर-खाली होत असते.

दुसरी अडचण चरबीची. सुजलेला मज्जातंतू पांढरा दिसावा म्हणून भोवतालच्या चरबीचा सिग्नल दाबावा लागतो. चरबी आणि पाण्याच्या सुरात ३ टेस्लावर साधारण ४४० हर्ट्झचा फरक असतो, आणि नेहमीची पद्धत तोच फरक ओळखून चरबी वेगळी काढते. मान-खांद्याच्या वळणावर हवा आणि मांस लागून असल्यामुळे चुंबकीय क्षेत्र असमान होते, फरकाची ओळख चुकते आणि चरबी काही ठिकाणी पांढरीच राहते. आमच्या चित्रांत कॉलरबोनच्या वर अगदी हेच झाले होते.

मी लिहिले: “ब्रेकियल प्लेक्ससमध्ये लक्षणीय विकृती नाही.” खाली एक ओळ होती की काही भागात प्रतिमेचा दर्जा मर्यादित आहे. त्या “काही भागात” नेमके खालचे खोड होते, आणि हे मी लिहिले नाही. ज्यांनी रुग्णाला पाठवले त्यांनी पहिली ओळ वाचली. मी त्यांच्या जागी असते तर तीच वाचली असती.

निर्णयाची जागा

दोन आठवड्यांनी रुग्ण अहवालाची प्रत घ्यायला आल्या तेव्हा आमच्या तंत्रज्ञांना म्हणाल्या, “मला हात वर केला की त्रास होतो. तुम्ही तपासणी हात खाली ठेवूनच केलीत ना? तेव्हा तर मला काहीच होत नव्हतं.” तंत्रज्ञांनी ते मला येऊन सांगितले. मी चित्रे पुन्हा उघडली आणि खालचे खोड शोधू लागले. मला ते सापडेना. सरळ आहे की वाकलेले, हा प्रश्न पुढचा. आधी ते दिसतच नव्हते.

आमच्यासमोर बरेच मार्ग होते. हात वर करून सीटी अँजिओग्राफी केली तर रक्तवाहिन्या आणि हाडे उत्तम दिसली असती, पण तक्रार मज्जातंतूची होती आणि किरणोत्सर्गही आला असता. सोनोग्राफी हात हलवत करता येते, हा तिचा मोठा गुण. ती आम्ही केलीही. स्केलीन फटीतली वरची खोडे नीट दिसली, पण खालचे खोड खोल, बरगडीला लागून आणि कॉलरबोनच्या सावलीत. स्केलीन स्नायूत बधिर करणारे इंजेक्शन देऊन लक्षणे कमी होतात का पाहणे हाही एक मार्ग होता. त्यातून शस्त्रक्रियेचा उपयोग होईल का याचा अंदाज येतो, पण नेमके काय दाबते आहे ते कळत नाही. तीच कॉइल ठेवून फक्त चरबी दाबण्याची पद्धत बदलावी, असेही सुचवले गेले. त्याने अर्धी अडचण सुटली असती, हात वर करायचा प्रश्न तसाच राहिला असता. मानेच्या कडक कॉइलची खालची कड हात वर केल्यावर खांद्याला अडते.

तेव्हा विभागात लवचिक कॉइल येऊन काही महिने झाले होते. गुडघा आणि पोटासाठी ती रोज वापरात होती. गेल्या दशकात या कॉइल बऱ्याच बदलल्या. २०१६ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी पातळ प्लास्टिकवर छापलेल्या कॉइलचे काम प्रसिद्ध केले. २०१८ साली न्यूयॉर्क विद्यापीठातल्या गटाने हातमोज्यावर शिवलेली कॉइल दाखवली. तिच्या वेटोळ्यांची विद्युतरचना अशी आहे की बोटे मिटली, उघडली तरी ती एकमेकांत फारशी गुंतत नाहीत. रुग्णालयात मिळणाऱ्या कॉइल याच दिशेने गेल्या आहेत: आतले धातूचे तार हलके आणि वाकणारे, एकमेकांवर चढण्याच्या मापाची सक्ती कमी, वजन चादरीसारखे. अशी कॉइल खांद्यावर शालीसारखी घेता येते.

ती वापरून तपासणी पुन्हा करायची होती. त्याआधी एक काम करून घ्यायचे ठरले, आणि ते अगदी योग्य ठरले. कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूच्या त्वचेची संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूची चाचणी पहिल्या वेळी झालीच नव्हती. ती झाली. डावीकडे उत्तर सामान्य, उजवीकडे काहीच नाही. हा मज्जातंतू मनगटातून जात नाही आणि त्याचे तंतू खालच्या खोडातूनच येतात. कार्पल टनेलचा विषय तिथेच संपला. जागा कळली होती. कारण कळायचे बाकी होते.

दुसरी तपासणी

यंत्र तेच, ३ टेस्लाचे. त्याची पोकळी ७० सेंटिमीटरची असल्यामुळे कोपर दुमडून हात डोक्यामागे नेता आला. ६० सेंटिमीटरच्या पोकळीत कोपर भिंतीला टेकले असते. उजव्या बाजूने कानाखालपासून छातीच्या वरच्या भागापर्यंत लवचिक कॉइल गुंडाळली, पट्ट्याने हलकेच आवळली. पाठीखाली टेबलातली कॉइल होतीच.

हात वर करून तपासणी करताना एक धोका लक्षात ठेवावा लागतो. हात डोक्याला किंवा दुसऱ्या हाताला उघड्या त्वचेने टेकला तर शरीरातच एक बंद वेटोळे तयार होते, रेडिओलहरींनी त्यात प्रवाह वाहतो आणि टेकलेल्या जागी त्वचा भाजू शकते. तळवा आणि डोके, कोपर आणि भिंत, कॉइलची वायर आणि दंड, अशा तिन्ही जागी जाड पॅड ठेवले. कॉइल जितकी अंगाला चिकटून बसते तितकी वायरकडे नजर ठेवावी लागते.

आधी हात खाली ठेवून चित्रे घेतली. चरबी दाबायला या वेळी स्टिर पद्धत वापरली, जी सुरातल्या फरकावर अवलंबून नसते. स्टिरमध्ये सिग्नल आणखी घटतो, म्हणून पहिल्या वेळी तिच्याकडे जायला मी कचरले होते. आता कॉइल जवळ असल्यामुळे तेवढा तोटा परवडला. मग हात वर. आधी बाजूच्या छेदांची साधी टी-१ चित्रे (यांत चरबी पांढरी दिसते), नंतर रक्तवाहिन्यांची, शेवटी पुन्हा स्टिर. टी-१ला अडीच मिनिटे लागली आणि ती स्वच्छ आली. रक्तवाहिन्यांचीही चालण्यासारखी आली. तिसऱ्या फेरीत रुग्णाने घंटी दाबली; हात पूर्ण बधिर झाला होता. आम्ही थांबलो. हात वर ठेवून घेतलेले स्टिर त्यामुळे मिळालेच नाही.

काय दिसले

मानेच्या सातव्या मणक्याचा उजवा आडवा फाटा नेहमीपेक्षा लांब होता. त्याच्या टोकापासून पहिल्या बरगडीपर्यंत एक बारीक काळी रेघ: तंतुमय पट्टा. खालचे खोड त्या पट्ट्यावरून उचलले जाऊन वाकले होते, वाकाच्या वर जाड आणि पांढरे, म्हणजे सुजलेले. पहिल्या तपासणीत ही जागा पांढऱ्या चरबीने झाकली गेली होती. मानेचा जुना एक्स-रे काढून पाहिला. लांब फाटा त्यातही होता, पण कुठल्याच अहवालात त्याचा उल्लेख नव्हता.

हात वर केल्यावर कॉलरबोनखाली शीर सपाट झाली, धमनी किंचित अरुंद झाली. मी तक्रार न सांगता एका सहकाऱ्यांकडून ही चित्रे वाचून घेतली. त्यांनी पट्टा लगेच दाखवला. शिरेबद्दल मात्र त्यांनी लिहिले की हात वर केल्यावर निरोगी माणसांतही शीर अशी दबते, त्यावरून काही ठरवू नये. ते बरोबर होते. हात वर केलेल्या टी-१ चित्रांतली सगळ्यात उपयोगी गोष्ट वेगळीच होती: कॉलरबोन आणि बरगडीमधल्या जागेत मज्जातंतूंभोवतीची चरबी शाबूत होती. ते तिथे दाबले जात नव्हते. दाब वर, पट्ट्यावर होता.

शस्त्रक्रियेचा निर्णय यावर फिरला. थोरॅसिक आउटलेटसाठी पहिली बरगडी काढण्याची शस्त्रक्रिया पुष्कळ होते. इथे शल्यचिकित्सकांनी कॉलरबोनच्या वरून जाऊन पट्टा कापला, पुढचा स्केलीन स्नायू काढला आणि बरगडी तशीच ठेवली. पट्टा चित्रात होता तिथेच सापडला. खालचे खोड त्याच्यावर दोरीसारखे ताणलेले होते, असे त्यांनी शस्त्रक्रियेच्या नोंदीत लिहिले आहे.

परिणाम

सहा आठवड्यांत मुंग्या थांबल्या. सहा महिन्यांनी त्या पूर्ण तास फळ्यावर लिहू लागल्या, अधूनमधून हात खाली घेत. वर्षानंतर करंगळीची संवेदना चाचणीत सुधारलेली आढळली. अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा परत आला नाही. चिमटीत किल्ली धरून फिरवताना अजून डाव्या हाताची मदत घ्यावी लागते. या आजारात दुखणे आणि बधिरपणा कमी होतो, पण वाळलेला स्नायू सहसा पूर्ण भरून येत नाही. तो वाळण्याआधी दाब काढणे एवढेच हातात असते. उंचवटा सपाट होऊ लागल्याची पहिली नोंद दहाव्या महिन्यातली आहे आणि शस्त्रक्रिया सतराव्या महिन्यात झाली. त्या मधल्या सात महिन्यांतला काही काळ माझ्या पहिल्या अहवालाने खाल्ला. त्याचे मला वाईट वाटते, आजही वाटते.

वेगळे काय करता आले असते

अहवालाची भाषा सर्वात आधी. “विकृती नाही” आणि “हा भाग पाहता आला नाही” ही दोन वेगळी वाक्ये आहेत आणि दुसरे वाक्य निष्कर्षातच, पहिल्या ओळीत यायला हवे होते. आता आम्ही प्लेक्ससच्या प्रत्येक अहवालात पाच मुळे आणि तीन खोडे एकेक नाव घेऊन लिहितो, आणि प्रत्येकापुढे दिसले की नाही ते वेगळे नोंदवतो.

तपासणीचा क्रम आम्ही चुकवला. हात वर ठेवण्याची ताकद थोड्या मिनिटांची असते आणि आधीच अर्धा तास आडवे पडलेल्या माणसात ती आणखी कमी असते. हात वर केलेली चित्रे आधी घ्यायला हवी होती, आणि त्यातही स्टिर पहिले.

सगळे श्रेय कॉइलला द्यावे का, याचे उत्तर या एका प्रकरणातून मिळत नाही. आम्ही कॉइल, चरबी दाबण्याची पद्धत आणि हाताची स्थिती, तिन्ही एकाच वेळी बदलले. पट्टा दिसण्यात स्टिरचा वाटा नक्कीच होता. माझे मत असे की कॉइल अंगाला लागून बसली म्हणून स्टिर परवडले, आणि ती वाकली म्हणून हात वर नेता आला. पण जुनी कॉइल आणि नवी पद्धत अशी एक फेरी मध्ये घेतली असती तर हे मत न राहता निरीक्षण झाले असते. दहा मिनिटे जास्त लागली असती.

आणि डावी बाजू. एकाच खांद्यावर कॉइल घेतल्याने उजवीकडचे बारकावे मिळाले, पण डावा हात वर केल्यावर त्यांची डावी शीर किती दबते हे आम्ही पाहिलेच नाही. उजव्या शिरेचे सपाट होणे त्यांच्यापुरते नेहमीचे होते की आजाराचा भाग, हे त्या तुलनेवरून कळले असते. वर्षानंतरच्या भेटीत त्यांना त्यासाठी पुन्हा यंत्रात झोपायला सांगावे असे मनात आले होते. त्यांच्या मुंग्या थांबल्या होत्या आणि त्यांच्या उपचारात त्याने काही बदलणार नव्हते, म्हणून विचारले नाही.